रासायनिक कारखान्याचे चालते-बोलते गणित: डायनॅमिक प्रोसेस मॉडेलिंग आणि सिम्युलेशनची ओळख

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांचे प्रश्न सुरू होतात. मुलाला केमिकल इंजिनिअरिंग मिळतेय, घ्यावे का? त्यात नेमके काय शिकवतात? प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हलवायच्या, एवढेच ना? कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी लोटे, महाड, रोहा, तळोजा इथल्या कंपन्यांत किंवा आखातातल्या रिफायनरीत काम करते. तरीही त्या पाइपांच्या जंगलामागे कोणते गणित चालते, याची माहिती मराठीत फारशी मिळत नाही. म्हणून या लेखात आम्ही या शाखेतल्या एका महत्त्वाच्या विषयाची ओळख करून देत आहोत. दहावीचे गणित आणि थोडा सबूर, एवढे भांडवल पुरे आहे.

व्याख्या

कारखान्यातल्या एखाद्या प्रक्रियेत काळाप्रमाणे काय बदलते, ते समीकरणांत मांडणे म्हणजे डायनॅमिक प्रोसेस मॉडेलिंग. ती समीकरणे कॉम्प्युटरवर सोडवून ‘पुढच्या दहा मिनिटांत काय होईल, दोन तासांनी काय होईल’ हे आधीच पाहणे म्हणजे सिम्युलेशन. मॉडेल हा नकाशा समजा, तर सिम्युलेशन म्हणजे त्या नकाशावर केलेला प्रवास.

‘डायनॅमिक’ या शब्दाच्या समोर ‘स्टेडी स्टेट’ हा शब्द येतो. स्टेडी स्टेट म्हणजे स्थिर अवस्था. कारखाना सुरळीत चालू आहे, तापमान, दाब, पातळी सगळे एका जागी टिकून आहे. कारखान्याचे डिझाइन करताना, किती कच्चा माल लागेल आणि किती माल निघेल याचा हिशेब करताना स्थिर अवस्थेचे गणित पुरते. पण कारखाना सकाळी सुरू करताना, बंद करताना, मध्येच पंप बंद पडला किंवा लाइट गेली तर? तेव्हा काहीच स्थिर नसते. मोठे अपघात बहुतेक वेळा अशाच घडीला होतात. त्यामुळे हा दुसरा हिशेबही तितकाच जरुरी आहे.

पाया एकच: आले किती, गेले किती

या सगळ्या विषयाचा पाया एका वाक्यात सांगता येतो. आत आलेले, वजा बाहेर गेलेले, अधिक आत तयार झालेले, वजा आत खर्च झालेले, बरोबर साठ्यात झालेला बदल. घरखर्चाच्या वहीचाही हाच नियम असतो. पगार आला, किराणा गेला, उरले ते डब्यात. केमिकल इंजिनिअर हीच वही वस्तुमानासाठी ठेवतो, प्रत्येक रसायनासाठी वेगळी ठेवतो आणि उष्णतेसाठीही ठेवतो. स्थिर अवस्थेत साठ्यातला बदल शून्य असतो. डायनॅमिक मॉडेलमध्ये तो शून्य नसतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण

गच्चीवरची हजार लिटरची टाकी घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून तळ एक चौरस मीटर आणि उंची एक मीटर धरू. म्हणजे दहा लिटर पाणी वाढले की पातळी एक सेंटिमीटर चढणार. तळाशी एक नळ कायम उघडा आहे. नळातून किती पाणी पडेल ते टाकीतल्या पातळीवर अवलंबून असते, पण सरळ प्रमाणात नाही, पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पातळी चौपट झाली तर धार दुप्पट होते. आपला नळ असा धरू की पातळी २५ सेंटिमीटर असताना मिनिटाला २० लिटर पडते आणि टाकी काठोकाठ असताना ४० लिटर.

वरून मिनिटाला २० लिटर येत असेल तर पातळी २५ सेंटिमीटरवर टिकून राहील. ही झाली स्थिर अवस्था. आता येणारे पाणी मिनिटाला ३० लिटर केले. काय होईल?

पहिल्या मिनिटात १० लिटर जास्त आले, पातळी २६ सेंटिमीटर झाली. पातळी वाढली म्हणून धारही वाढली. आता मिनिटाला साधारण २०.४ लिटर बाहेर जाते. त्यामुळे दुसऱ्या मिनिटात फक्त ९.६ लिटर साठले, पातळी २६.९६ झाली. तिसऱ्या मिनिटात त्याहून थोडे कमी साठले. असे करत वाढ मंदावत जाते आणि पातळी सव्वाछप्पन्न सेंटिमीटरच्या जवळ जाऊन स्थिरावते. ५० सेंटिमीटरला पोचायला सुमारे ५६ मिनिटे लागतात, पण तिथून ५५ ला जायला आणखी जवळपास एक तास. पाणी दीडपट केले तर पातळी सव्वादोन पट झाली, हेही लक्षात घ्या.

आता येणारे पाणी मिनिटाला ५० लिटर केले तर? स्थिर अवस्थेचे गणित म्हणेल की पातळी १५६ सेंटिमीटर होईल. पण टाकी तर १०० सेंटिमीटरचीच आहे. म्हणजे ती वाहणार हे नक्की. पण कधी वाहणार? याचे उत्तर फक्त डायनॅमिक गणित देते: सुमारे ४४ मिनिटांनी. टाकीत पाणी असेल तर वाहून गेले एवढेच नुकसान. पेट्रोल असेल तर त्या ४४ मिनिटांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. अलार्म कोणत्या पातळीवर वाजावा आणि तो वाजल्यावर ऑपरेटरच्या हातात किती वेळ उरतो, हे त्यावरून ठरते.

वर आपण मिनिटा-मिनिटाने पुढे सरकत जो हिशेब केला, तीच सिम्युलेशनची मूळ रीत. अठराव्या शतकातला गणिती ऑयलर याच्या नावाने ती ओळखली जाते. पुढे रुंगे आणि कुट्टा या जर्मन गणितींनी १९०० च्या सुमारास जास्त अचूक रीत दिली. आजचे सॉफ्टवेअर अशाच सुधारलेल्या रीती वापरते. फरक इतकाच की आपण एका टाकीचे एक समीकरण सोडवले, रिफायनरीच्या मॉडेलमध्ये अशी हजारो समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. त्यात व्हॉल्व्ह काही सेकंदांत हलतो, तर उंच मनोऱ्यातल्या द्रवाचे मिश्रण बदलायला तास लागतात. सशाची आणि कासवाची चाल एकाच वहीत मांडायची, ही या गणिताची खरी डोकेदुखी.

टेक्सास सिटी, २००५: हिशेब न ठेवल्याची किंमत

आमचे टाकीचे उदाहरण कोणाला पोरखेळ वाटेल. पण अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथे बीपी कंपनीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी नेमके हेच घडले. दुरुस्तीनंतर एक युनिट पुन्हा सुरू केले जात होते. सुमारे १७० फूट उंच मनोऱ्यात ज्वालाग्राही द्रव तीन तासांहून अधिक वेळ भरला जात होता आणि खालून बाहेर जाण्याचा मार्ग बंद होता. पातळी दाखवणारे यंत्र फक्त तळाच्या काही फुटांसाठी होते. द्रव त्याच्या वर गेल्यावर ते चुकीचे आकडे देऊ लागले. पातळी चढत असताना पडद्यावर ती हळूहळू उतरताना दिसत होती. शेवटी मनोरा तुडुंब भरला, द्रव उसळून बाहेर पडला, वाफेचा ढग पेटला. १५ कामगार ठार झाले, १८० जण जखमी झाले.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. आत किती येते आणि बाहेर किती जाते यातला असमतोल कंट्रोल रूमच्या पडद्यावर नीट दिसेल अशी सोय नव्हती, हे त्या चौकशीत पुढे आले. आले वजा गेले, एवढीच वजाबाकी पडद्यावर असती तर मनोऱ्यात किती द्रव साठलाय हे ऑपरेटरला कळले असते. मॉडेल म्हणजे काहीतरी फार मोठे हवे असे नाही. योग्य जागी केलेली साधी वजाबाकी हेसुद्धा मॉडेलच आहे.

उष्णतेचा हिशेब आणि भडका

पाण्याच्या टाकीत एक मेहेरबानी असते. पातळी वाढली की धारही वाढते, म्हणजे टाकी स्वतःला सावरते. काही रासायनिक क्रियांत उलटे असते. क्रियेतून उष्णता निघते, उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते, त्यातून आणखी उष्णता निघते. तापमानाचा आणि क्रियेच्या वेगाचा हा संबंध स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये समीकरणात मांडला. ढोबळ मानाने बऱ्याच क्रियांचा वेग दर दहा अंशांना दुप्पट होतो असे धरतात.

एक काल्पनिक रिअॅक्टर घेऊ. त्याच्याभोवती ३० अंशांचे थंड पाणी फिरते आहे. ६० अंशांना क्रियेतून १०० एकक उष्णता निघते. थंड पाणी तापमानातल्या फरकाच्या प्रत्येक अंशामागे ५ एकक उष्णता काढून नेते. आता हा हिशेब बघा:

६० अंश: तयार होते १००, काढून नेली जाते १५०.
७० अंश: तयार होते २००, काढून नेली जाते २००.
८० अंश: तयार होते ४००, काढून नेली जाते २५०.
९० अंश: तयार होते ८००, काढून नेली जाते ३००.

एक बाजू दामदुपटीने वाढते, दुसरी ठरावीक पायरीने. ७० अंश ही इथली सीमारेषा. त्याच्या खाली रिअॅक्टर आपोआप थंड होत जातो, त्याच्या वर गेला की दर क्षणाला जास्त तापतो. ७० वर हिशेब बरोबर जुळलेला दिसतो, म्हणून स्थिर अवस्थेचे गणित त्याला ‘ठीक’ म्हणेल. पण तो डोंगराच्या शेंड्यावर ठेवलेला चेंडू आहे, जरा धक्का लागला की एका बाजूला घरंगळणार. अशा अवस्था अस्थिर असतात हे डायनॅमिक गणितच दाखवते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले अॅरिस आणि अमंडसन यांनी १९५८ मध्ये रिअॅक्टरच्या स्थैर्याचा असाच सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. हा विषय शिकणाऱ्याला आजही त्यांची नावे भेटतात.

इथे आकाराचाही मसला आहे. घरातल्या पातेल्यातली बिर्याणी लवकर निवते, पण शादीतली देग तासन्‌तास गरम राहते. कारण भांडे लांबी, रुंदी, उंचीने दहापट केले तर आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट. प्रयोगशाळेत गुमान वागणारी क्रिया मोठ्या रिअॅक्टरमध्ये बिथरते, त्याचे एक मोठे कारण हे.

जॅक्सनव्हिल, २००७: दहा मिनिटे

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात टी-टू लॅबोरेटरीज नावाची छोटी कंपनी होती. पेट्रोलमध्ये घालायचे एक रसायन ती बनवत असे. त्यासाठी सोडियम धातू वितळवून एका द्रावकात दुसऱ्या रसायनाशी त्याची क्रिया करावी लागे. चाचण्या एक लिटरच्या भांड्यात झाल्या होत्या, कारखान्यातला रिअॅक्टर २,४५० गॅलनचा होता, म्हणजे सुमारे ९,३०० लिटर. वरचा देगेचा हिशेब लावला तर दर लिटरमागे थंड करणारा पृष्ठभाग साधारण एकविसाव्या हिश्शावर आला.

१९ डिसेंबर २००७ रोजी १७५ वी बॅच चालू होती. दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी ऑपरेटरने कूलिंगमध्ये अडचण असल्याचा निरोप मालकांना पाठवला. १ वाजून ३३ मिनिटांनी रिअॅक्टर फुटला. एका मालकासह चौघांचा मृत्यू झाला, ३२ जण जखमी झाले, त्यातले बहुतेक आजूबाजूच्या ठिकाणचे होते. चौकशीत दिसले की थंड पाण्याच्या व्यवस्थेला पर्याय नव्हता. एक भाग बिघडला की सगळेच ठप्प. शिवाय ठरल्यापेक्षा जास्त तापल्यावर सोडियमची द्रावकाशीच दुसरी, अधिक भयंकर क्रिया सुरू होत होती आणि तिची जाणीव कंपनीला नव्हती. जादा दाब बाहेर सोडण्याची सोयही त्या वेगापुढे अपुरी होती.

या कंपनीच्या दोन मालकांपैकी एक केमिकल इंजिनिअर होता आणि एक केमिस्ट. म्हणजे डिगरी होती, पण या प्रश्नाचे शिक्षण नव्हते: कूलिंग थांबले तर किती मिनिटांत काय होईल? सेफ्टी बोर्डाने पुढे शिफारस केली की केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवी अभ्यासक्रमातच अशा क्रियांच्या धोक्यांचे शिक्षण असावे. आम्ही शिक्षक असल्यामुळे ही शिफारस आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अभ्यासक्रमात राहून गेलेला एक धडा कारखान्यात किती महाग पडतो, याची ही मिसाल आहे.

कंट्रोलर: डोके आणि उशीर

कारखान्यात तापमान, दाब, पातळी सांभाळायला कंट्रोलर असतात. ते मोजतात, हव्या असलेल्या आकड्याशी ताडतात आणि व्हॉल्व्ह कमी-जास्त करतात. मग गडबड कुठे होते? उशिरात. गिझरचा नळ आठवा. पाणी गार वाटले म्हणून नॉब जास्त फिरवला, गरम पाणी पाइपातून यायला वेळ लागला, तोवर आणखी फिरवला, आणि मग एकदम चटका. घाईने उलटा फिरवला की पुन्हा गार. चूक हाताच्या जोराची नव्हती, उशीर लक्षात न घेण्याची होती.

कंट्रोलरला किती जोराने आणि किती सबुरीने वागायचे ते शिकवणे याला ट्यूनिंग म्हणतात. झीगलर आणि निकोल्स या दोन इंजिनिअरांनी १९४२ मध्ये दिलेले ट्यूनिंगचे नियम आजही शिकवले जातात. चालू कारखान्यावर प्रयोग करणे महाग आणि धोक्याचे, म्हणून आधी मॉडेलवर ट्यूनिंग करून बघतात. तिथे शंभर वेळा बिघडले तरी कोणाला खरचटत नाही.

मॉडेल बनवण्याच्या पायऱ्या

१. प्रश्न ठरवणे. ‘पंप बंद पडल्यावर टाकी किती वेळात भरेल?’ असा नेमका प्रश्न हवा. प्रश्न साधा असेल तर मॉडेलही साधे ठेवावे.

२. सीमा आखणे. कोणते भांडे, कोणते पाइप हिशेबात घ्यायचे ते ठरवणे.

३. वस्तुमान आणि उष्णतेची वही मांडणे.

४. वागणुकीचे नियम जोडणे. धार पातळीवर कशी अवलंबून, क्रियेचा वेग तापमानावर कसा अवलंबून, वगैरे.

५. अज्ञात संख्या आणि समीकरणे यांची संख्या जुळते का ते तपासणे. बीजगणितातला हाच नियम आपण शाळेत शिकवतो.

६. सुरुवातीची स्थिती देणे. टाकी रिकामी होती की अर्धी, हे सांगितल्याशिवाय पुढचे उत्तर निघत नाही.

७. सोडवणे आणि खऱ्या कारखान्याच्या आकड्यांशी पडताळणे.

शेवटची पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि तीच सर्वांत जरुरी आहे. ज्या तापमानापर्यंत मॉडेल तपासले, त्याच्या पलीकडे त्याचा भरवसा धरता येत नाही. वरच्या रिअॅक्टरचाच दाखला घ्या. दुसरी क्रिया मॉडेलमध्ये लिहिलीच नाही, तर कॉम्प्युटर ती दाखवणार नाही. पडद्यावर सुंदर आलेख येईल आणि तो चुकीचा असेल.

उपयोग कुठे होतो

कारखाना सुरू आणि बंद करण्याची पद्धत ठरवणे, सेफ्टी व्हॉल्व्हचा आकार काढणे, कंट्रोलर ट्यून करणे, आणि ऑपरेटरना शिकवणे. पायलट विमान उडवण्याआधी सिम्युलेटरवर शिकतो, तसेच मोठ्या रिफायनरी आणि खत कारखान्यांत ऑपरेटर हुबेहूब कंट्रोल रूमसारख्या पडद्यांसमोर बसून सराव करतात. लाइट घालवली जाते, पंप ‘मारला’ जातो, आणि ऑपरेटरने काय केले ते तपासले जाते. आखातात प्लँटवर काम करणाऱ्या आपल्या भावांपैकी काहींनी असा सराव केलाही असेल. त्या पडद्यामागे चालते ते हेच डायनॅमिक मॉडेल.

मुलामुलींसाठी वाटा

या क्षेत्रात जाण्याची वाट एकच नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट हा ट्रेड आहे, केमिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन पदवीला जाता येते. मुंबईत माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ही १९३३ मध्ये सुरू झालेली नामांकित संस्था आहे. रायगड जिल्ह्यात लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुलींनी हे क्षेत्र घेऊ नये, असा समज काही घरांत अजून आहे. मॉडेलिंग आणि सिम्युलेशनचे बरेचसे काम कॉम्प्युटरसमोर होते, आणि गणितात तर आमच्या वर्गात मुली मागे नाहीत.

सुरुवात करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. डीडब्ल्यूसिम हे प्रोसेस सिम्युलेशनचे आणि ओपनमॉडेलिका हे मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प या दोन्हींचा प्रसार करतो. तेही नको असेल तर वर दिलेली टाकी साध्या स्प्रेडशीटमध्ये मांडा. पहिल्या रकान्यात मिनिट, दुसऱ्यात पातळी, तिसऱ्यात बाहेर जाणारे पाणी. शंभर ओळी खाली ओढा आणि आलेख काढा. येणारे पाणी बदलून बघा, तळ दुप्पट मोठा करून बघा. तळ दुप्पट केल्यावर शेवटची पातळी बदलते की तिथे पोचायला लागणारा वेळ बदलतो, हे ज्या मुलाला किंवा मुलीला स्वतः सापडले, त्याला या विषयाचा अर्धा गाभा समजला असे आम्ही म्हणू.

आणि घरातले कोणी प्लँटवर कामाला असेल तर त्यांना जेवताना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे कूलिंग बंद पडले तर हातात किती मिनिटे असतात? उत्तर माहीत असेल तर उत्तम. नसेल तर त्यांनी ते दुसऱ्या दिवशी आपल्या शिफ्ट इन्चार्जला विचारावे.